चार वर्षांच्या पोरांची 'फिटनेस टेस्ट': नक्की काय मोजतात हे लोक?

पावलापावलाने

गेल्या आठवड्यात लेकीच्या बालवाडीतून एक कागद आला. वर ठसठशीत अक्षरांत 'शारीरिक क्षमता अहवाल'. खाली पाच रकाने: जागेवरून लांब उडी ५२ सेंमी, एका पायावर उभं राहणं ३ सेकंद, मग पळण्याचा वेळ, हाताची पकड आणि लवचिकता. आणि सगळ्याच्या तळाला लाल शाईत एकच शेरा, 'सरासरीपेक्षा कमी'.

लेक ४ वर्षं १ महिन्याची आहे. घरी पलंगावरून गादीवर, गादीवरून उशीवर, दिवसभर उड्याच उड्या. जिना चढताना मला धाप लागते, तिला नाही. नवरा म्हणतो, फाडून टाक तो कागद. मला फाडवतही नाही आणि पटतही नाही.

प्रश्न एवढाच आहे की इतक्या लहान वयात हे मोजता येतं का? आणि येत असेल तर या आकड्यांचं मी काय करायचं? इथे या विषयातले जाणकार आहेत म्हणून धागा काढतेय. 'मुलांना खेळू द्या हो' एवढंच सांगायचं असेल तर ते मला माहीत आहे :)

गुडघाफुटी

लेकीला विचारलंत का त्या दिवशी काय झालं ते? आमच्या चिरंजीवांना असंच शिट्टी वाजवून 'जोरात पळ' सांगितलं होतं. तो जोरातच पळाला, पण थेट फाटकाकडे. नोंदवहीत 'पूर्ण केले नाही' असं लिहिलंय. माझ्या मते त्याने त्या दिवसातलं सर्वोत्तम पळणं केलं होतं.

मोजपट्टी

मी या वयाच्या मुलांची मैदानी मोजमापं बरीच वर्षं केली आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

मोजता येतं, पण मोठ्यांची चाचणी छोटी करून नाही. याच अडचणीवर स्पेनमधल्या ग्रॅनडा विद्यापीठाच्या गटाने आधीचं सगळं संशोधन चाळलं आणि २०१५ साली ३ ते ५ वर्षांच्या मुलांसाठी चाचण्यांचा एक संच सुचवला. नाव 'प्रीफिट'. त्यात उंची, वजन, कमरेचा घेर, हाताची पकड, जागेवरून लांब उडी, १० मीटरच्या चार फेऱ्या, एका पायावर उभं राहणं आणि २० मीटरची धाव एवढंच आहे. तुमच्या कागदावर लवचिकतेचा रकाना आहे, या संचात तो मुद्दाम नाही. पाय लांब करून बोटं टेकवण्याचा या वयातल्या आरोग्याशी फारसा संबंध दिसत नाही. शिवाय कोणाचे पाय लांब, कोणाचं धड लांब, यावर अर्धा निकाल ठरतो.

आता २० मीटरची धावच बघा. मूळ चाचणी मॉन्ट्रियलच्या लुक लेजे यांनी १९८० च्या दशकात बसवली. ध्वनिमुद्रित 'टूं' वाजला की समोरची रेघ गाठायची, पुढच्या 'टूं'ला परत, आणि दर मिनिटाला वेग अर्ध्या किलोमीटरने वाढतो. सुरुवात ताशी ८.५ किमी. म्हणजे २० मीटरला जेमतेम साडेआठ सेकंद. चार वर्षांचं मूल पहिल्याच मिनिटात गळपटतं. मग तुम्ही दम मोजला की वेग, तेच कळत नाही. म्हणून प्रीफिटमध्ये सुरुवात ताशी ६.५ किमीवर आणली, २० मीटरला ११ सेकंद. आणि त्याहून मोठा बदल म्हणजे मोजणारी मोठी माणसं पोरांबरोबर पळतात. एक पुढे, एक मागे, मधे पोरं. कारण त्या वयात 'टूं'शी पाय जुळवणं हीच वेगळी परीक्षा आहे. काही पोरं आवाज ऐकून थांबतात, काही टाळ्या वाजवतात, एकाने मला विचारलं होतं, 'हा आवाज कोण काढतंय?' आणि तो स्पीकरच्या मागे बघायला गेला.

तुमच्या लेकीला पळताना कोणी सोबत होतं का, हे आधी विचारा.

खडूफळा

बालवाडीत शिकवते. आमच्याकडेही असा 'दिवस' होतो, म्हणून दुसरी बाजू सांगते.

२२ मुलं, आम्ही दोघी, वेळ पाऊण तास. लांब उडीला रांग लावली की पहिली चार मुलं बरी उडतात. पाचवं रांगेत उभं राहून कंटाळलेलं असतं. सहाव्याला शू लागलेली असते. सातवं पुढच्याची नक्कल करतं, म्हणजे पुढचा पडला की हेही मुद्दाम पडतं, कारण पडल्यावर सगळे हसले होते. त्याचा आकडा मी काय लिहू?

पकड मोजायच्या यंत्राचं तर विचारूच नका. दांडा मोठ्यांच्या हाताच्या मापाचा, पोरांची बोटं पलीकडे पोचतच नाहीत. आणि 'दाब' म्हटलं की दाबून लगेच सोडतात. 'दाब दाब दाब, अजून, अजून' असं कानाशी ओरडत राहावं लागतं, तेव्हा कुठे काटा हलतो आणि चेहरा लाल होतो. एकदा गप्प राहून मोजलं नि एकदा ओरडून मोजलं, तर एकाच मुलाचे दोन वेगळे आकडे येतात.

मोजपट्टी

@खडूफळा, दांड्याचं अगदी बरोबर. त्यावर वेगळा अभ्यास झालाय, या वयासाठी दांड्याचं अंतर ४ सेंमी ठेवावं असं निघालं. सरकवता न येणारा दांडा असेल तर ती चाचणी सोडून दिलेली बरी. आणि उत्तेजन द्यायचं तर सगळ्यांना सारखंच द्यायचं, तेच शब्द, तोच आवाज. आमचा घसा दुपारपर्यंत बसायचा.

रांग मात्र लावायचीच नाही. बाकीचे खेळत राहतात, दोघंतिघं बोलवायचे. आधी स्वतः करून दाखवायचं, मग एक सरावाचं, मग खरं. उडीचे तीन प्रयत्न आणि त्यातला सर्वांत लांब धरायचा, सरासरी नाही. पकडीला प्रत्येक हाताला दोनदा. एका पायावर दोन्ही पायांनी वेगवेगळं.

एकआपला

इथे सगळे आकड्यांवर तुटून पडलेत म्हणून उलट बाजू. मोजायचंच नाही तर कळणार कसं? वजन-उंची जन्मापासून मोजतोच ना? तेव्हा कोणी म्हणत नाही की बाळाचा मूड नव्हता. माझं मत: दर तीन महिन्यांनी मोजा, लक्ष्य ठरवा, सराव घ्या. स्पर्धा लहानपणीच अंगवळणी पडलेली बरी.

सांधेजोड

@एकआपला, वजनकाट्यावर बाळाला काही *करावं* लागत नाही, नुसतं पडून राहायचं असतं. इथे मुलाने समजून घ्यायचं, आठवायचं, मनावर घ्यायचं आणि मग जोर लावायचा. फरक तिथेच आहे.

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट. या धाग्यात तीन गोष्टींची मिसळ होतेय, त्या सुट्या करते. एक, क्षमता: किती जोर, किती दम. दोन, कौशल्य: हालचाल कशी करतो. तीन, हालचालीचं प्रमाण: दिवसभरात किती वेळ करतो. मोठ्यांमध्ये या बऱ्यापैकी वेगळ्या पडतात. चार वर्षांच्या मुलात पहिल्या दोन एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की ५२ सेंमी हा आकडा पायातला जोर सांगतोय की उडी मारायची पद्धत, हे नुसत्या आकड्यावरून मलाही सांगता येणार नाही.

कौशल्य मोजायची साधनं निराळी आहेत. 'टेस्ट ऑफ ग्रॉस मोटर डेव्हलपमेंट' म्हणून एक आहे, डेल उलरिच यांची, ३ ते १० वर्षांसाठी. तिच्यातही लांब उडी आहे, पण गंमत म्हणजे तिथे मोजपट्टीच लागत नाही. बघायचं ते असं: उडीआधी गुडघे वाकून हात मागे जातात का? उडताना हात जोराने पुढे-वर फेकले जातात का? दोन्ही पाय एकदम सुटतात आणि एकदम टेकतात का? टेकताना हात खाली येतात का? बस्स. एखादं मूल ७० सेंमी उडतं पण एक पाय आधी टाकतं, म्हणजे ती मोठी ढांग झाली. दुसरं ५० च सेंमी, पण सगळं जागच्या जागी. मला दुसऱ्याची काळजी कमी वाटते.

धागाकर्तीला विनंती, लेकीची उडी एकदा मोबाईलवर बाजूने चित्रित करा आणि संथ गतीने बघा.

दोन_जुळी

आमची जुळी, मुलगा नि मुलगी, पावणेपाच वर्षांची. मुलगी एका पायावर आरामात १२-१३ सेकंद, मुलगा ४ ला गडगडतो. पळण्यात मात्र तो तिला ऐकत नाही. एकाच दिवशी जन्मलेली, एकाच घरात वाढलेली!

दोन शंका. (१) दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) गेल्या वर्षीपेक्षा उतरलाय, शाळेच्या कागदावर त्याला खाली जाणारा बाण काढलाय. घाबरायचं का? (२) मनगटावरचं पावलं मोजणारं घड्याळ घालून काही कळेल का?

सांधेजोड

तोल मुलींचा जरा आधी येतो, जोर आणि वेगात मुलं थोडी पुढे, हे सरासरीने बहुतेक ठिकाणी दिसतं. तुमच्या घरी अगदी पुस्तकाबरहुकूम झालंय :)

बीएमआयचा खाली जाणारा बाण ज्याने काढला त्याला हे माहीत नसावं, की पहिल्या वाढदिवसाच्या आसपासनंतर मुलांचा बीएमआय घसरतच जातो आणि साधारण ५-६ वर्षांच्या सुमारास तळ गाठून पुन्हा चढायला लागतो. बाळसं झडतं, मूल काटकुळं दिसतं, बरगड्या मोजता येतात. ते अपेक्षित आहे. उलट हा तळ फार लवकर येऊन बीएमआय वर वळला तर पुढे लठ्ठपणाची शक्यता वाढते, म्हणून डोळा ठेवायचा तो तिकडे. आकडा नुसता बघायचाच नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या वयानुसारच्या वाढीच्या आलेखावर ठेवून बघायचा. मोठ्यांचा '२५ च्या वर म्हणजे जास्त' हा हिशोब इथे चालत नाही.

मोजपट्टी

घड्याळाबद्दल: मोठ्यांचं घड्याळ पोरांच्या मनगटावर फार भरवशाचं नाही. संशोधनात कमरेला किंवा मनगटाला बांधायचे अ‍ॅक्सिलरोमीटर, म्हणजे हालचाल टिपणारी छोटी यंत्रं, वापरतात, पण तिथेही एक खाच आहे. पोरं मोठ्यांसारखी अर्धा तास सलग चालत नाहीत. झपकन पळतात, थांबतात, बसतात, परत पळतात. १९९५ च्या एका अमेरिकन अभ्यासात ६ ते १० वर्षांच्या मुलांवर दर तीन सेकंदांनी नोंद घेत नजर ठेवली, तेव्हा जोरकस हालचालीचा सर्वसाधारण झटका अवघ्या ३ सेकंदांचा निघाला. तुमचं यंत्र मिनिटाची सरासरी काढत असेल तर हे सगळे झटके पाण्यात मीठ विरघळावं तसे विरघळतात, आणि दिवसभर बागडलेलं पोर कागदावर 'बैठं' ठरतं. म्हणून या वयात नोंद १५ सेकंदांची किंवा त्याहून छोटी घेतात.

घड्याळ नको असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस आहे: ३-४ वर्षांच्या मुलांना दिवसाला १८० मिनिटं हालचाल, त्यातली किमान ६० मिनिटं धाप लागेल अशी. पडद्यासमोर बसणं तासाभराच्या आत, झोप १० ते १३ तास. १८० ऐकून दचकू नका, तीन तास सलग नाही, दिवसभरात सुटं सुटं. बहुतेक पोरं १८० गाठतात, घोडं अडतं ते त्या ६० पाशी.

एकआपला

बरं, मूड वगैरे मान्य. पण मग 'सरासरी' म्हणजे कोणाची सरासरी? त्या कागदावर काहीतरी धरलं असेलच ना?

मोजपट्टी

हा खरा प्रश्न. स्पेनच्या त्याच गटाने २०१९ मध्ये तीन हजारांवर मुलांचे आकडे वापरून वय आणि मुलगा-मुलगी यांनुसार संदर्भ तक्ते प्रसिद्ध केले. तेही स्पेनच्या मुलांचे आहेत, सगळ्या जगाचे नव्हेत. एवढं तरी धरलं असेल तर ठीक. पण पुष्कळदा 'सरासरी' म्हणजे त्या वर्गाची त्या दिवशीची सरासरी असते.

आणि आता महिन्यांचा हिशोब करा. धागाकर्तीची लेक ४ वर्षं १ महिना, म्हणजे ४९ महिने. त्याच वर्गात ४ वर्षं ११ महिन्यांचं मूल असेल तर ते ५९ महिन्यांचं. लेकीने आत्तापर्यंत जगलेल्या आयुष्याच्या एक पंचमांश इतकं ते जास्त जगलंय! तिशीच्या माणसाची छत्तिशीच्या माणसाशी तुलना केली तर कोणी भुवई उंचावणार नाही, पण इथे त्या १० महिन्यांत मूल लंगडी घालायला शिकतं. 'चार वर्षांची मुलं' असा एकच रकाना केला की धाकटी कायम तळाला राहणार, आणि ती तिथे का आहेत हे कागद कधीच सांगणार नाही.

गुडघाफुटी

म्हणजे उशिरा जन्मल्याबद्दल लाल शेरा. झकास.

खडूफळा

आमच्या नोंदवहीत जन्मतारखेचा रकानाच नाही, वर्गाचा आहे. आता हे वाचून उद्या मुख्याध्यापिकांशी बोलते.

एक विचारायचं राहिलं. मोजायचंच नाही ठरवलं तरी, कधी खरोखर लक्ष द्यायचं हे आम्हा शिक्षकांना कसं कळावं? मोजमापाच्या नादात नेमकं तेच सुटतं असं वाटतं.

सांधेजोड

सुटतंच. मी सांगते मी काय बघते, यातल्या एकाही गोष्टीला यंत्र लागत नाही.

आधी येत असलेलं येईनासं झालं, हे सगळ्यात वरचं. जिना चढायचं मूल आता कडेवर घे म्हणतंय, पळायचं ते पळत नाही, तर सेंटिमीटर मोजत बसू नका, डॉक्टरकडे न्या. दुसरं, कायम एकाच बाजूचा वापर, एकच हात, एकच पाय पुढे. तिसरं, सारखं टाचा उचलून चालणं, किंवा बरोबरीच्यांपेक्षा फार वेळा पडणं.

आणि एक खास. मूल जमिनीवर मांडी घालून बसलंय, त्याला 'उठ' म्हणा आणि बघा. बहुतेक पोरं एका झटक्यात उठतात. एखादं मूल आधी ओणवं होतं, पार्श्वभाग वर करतं, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर ठेवत स्वतःच्याच पायावर चढल्यासारखं उभं राहतं. याला गोवर्सचं लक्षण म्हणतात, एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ विल्यम गोवर्स यांच्या नावावरून. मांड्या-कमरेचे स्नायू दुबळे असल्याची ती खूण असते आणि स्नायूंच्या काही आनुवंशिक आजारांत ती याच वयात दिसायला लागते. तपासणी लागते, त्यात चालढकल करू नये. लांब उडीत अशा मुलाला 'कमी' एवढाच शेरा मिळेल, इतर दहा जणांसारखाच. गोष्ट ऐकून सगळी मुलं उठतात तेव्हा दाराशी उभं राहून पाहिलंत तर दिसेल.

दोन_जुळी

हे वाचून आत्ता दोघांनाही बसवून उठवलं. झटक्यात उठले, आणि 'पुन्हा कशाला?' असं विचारताहेत. धन्यवाद.

पावलापावलाने

सगळ्यांचे आभार. इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. काय काय झालं ते सांगते.

बाईंना भेटले. भांडायला नाही, विचारायला. प्रत्येकाला उडीचा एकच प्रयत्न, पायात बूट, आणि सरासरी अख्ख्या वर्गाची. वर्गात माझी लेक वयाने शेवटून दुसरी. पळताना सोबत कोणी नव्हतं, शिट्टी होती. बाई स्वतःच म्हणाल्या की वरून छापील नमुना आला आणि तो भरून द्यायचा होता. त्यांचा राग यायचा तो आलाच नाही. पुढच्या वेळी जन्मतारीख लिहू आणि तीन प्रयत्न देऊ म्हणाल्या. शेऱ्याचा रकाना मात्र वरच्यांना हवा आहे म्हणे.

मग रविवारी घरी जमिनीवर चिकटपट्टी लावली, अनवाणी, आधी मी करून दाखवलं. पहिली उडी ५५. दुसऱ्या वेळी तिने एक पाय आधी टाकला, सांधेजोड म्हणाल्या तसंच, ती धरली नाही. चित्रण संथ करून पाहिलं तर हात अंगाला चिकटलेले, जसं काही खिशात आहेत. 'हात मागे ने, मग चेंडू फेकतेस तसे पुढे फेक' म्हटलं तर हात फेकले पण उडायचं विसरली. खूप हसलो. मग 'पट्टीच्या पलीकडे पाणी आहे' असं सांगितलं, तेव्हा गुडघे आपोआप वाकले आणि हातही आले. टेकलेल्या टाचेपर्यंत ६८. पायातला जोर अर्ध्या तासात १३ सेंमी वाढला नसणार.

तोल अजून ४ सेकंदच आहे. तो असू दे.

शेवटी तिने पट्टी माझ्या हातातून काढून घेतली आणि माझी उडी मोजणार म्हणाली. मी तीन प्रयत्न दिले, तिसऱ्यानंतर कंबर धरून बसले. तिला आकडे दहापर्यंतच येतात, त्यामुळे माझी प्रत्येक उडी 'दहा' भरली आहे.

गुडघाफुटी

तिन्ही प्रयत्नांत एकच आकडा! मोजपट्टी, बघा बघा, चाचणी फारच भरवशाची दिसतेय.

मोजपट्टी

:) फक्त मोजणारीला शू लागली होती का तेवढं कळवा.